रोजच्या वाक्यांतून कँटोनीज : प्रस्तावना

भाषा आणि तिचा पसारा

कँटोनीज ही दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाशी वाढलेली भाषा आहे. ग्वांगचौ हे तिचे माहेर. हाँगकाँग आणि मकाव येथे तिची खरी भरभराट झाली. पोर्तुगीज व्यापारी या भागाला 'कांतांव' म्हणत. त्याचे इंग्रजांनी 'कँटन' केले आणि भाषेला कँटोनीज हे नाव पडले. बोलणारे स्वतः तिला 'क्वॉङ२ तुङ१ वा२', म्हणजे ग्वांगडोंगचे बोलणे, असे म्हणतात. शेजारच्या ग्वांगशी प्रदेशात 'पाक्६ वा२', म्हणजे साधे बोलणे, हे नाव अधिक चालते. अक्षरांमागचे आकडे सुरांचे आहेत. त्यांचा उलगडा पुढे केला आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने कँटोनीज ही 'युए' शाखेतली प्रमुख बोली आहे. या शाखेच्या सर्व बोली मिळून आठ कोटींहून अधिक लोक बोलतात. हाँगकाँगच्या सुमारे ७५ लाख लोकसंख्येपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांची ती रोजची भाषा आहे. एकोणिसाव्या शतकापासून या किनाऱ्यावरून माणसे बाहेर पडत राहिली आणि भाषा त्यांच्याबरोबर क्वालालंपूर, इपोह, सॅन फ्रान्सिस्को, व्हँकूव्हर, टोरांटो, लंडन, सिडनी येथे पोचली. मुंबईतही तिच्या कुळाची एक खूण आहे. माझगाव भागातल्या जुन्या चिनी देवळाचे नाव 'सी यूप' आहे. ते 'सेइ३ यप्१', म्हणजे चार तालुके, या शब्दांचे रूप. ताइशान, काइपिंग, एनपिंग आणि शिनहुई हे ते चार तालुके. तिथली बोली ग्वांगचौच्या बोलीची चुलत बहीण आहे.

कँटोनीज आणि मँडरिन यांना सरसकट 'चिनी' म्हणण्याची सवय असली, तरी कानाने ऐकता त्या परस्परांना कळत नाहीत. थांग काळातल्या चिनी भाषेत शब्दांच्या शेवटी येणारे प्, त्, क् आणि म् हे वर्ण मँडरिनमधून गळून गेले. कँटोनीजने ते राखले. म्हणूनच त्या काळातल्या कवितांची यमके ग्वांगचौच्या उच्चारात पुष्कळदा अधिक चांगली जुळतात.

लिहिण्याची गोष्ट आणखी वेगळी. शाळेत आणि वर्तमानपत्रात जी प्रमाण लेखी चिनी वापरतात, ती मँडरिनच्या व्याकरणावर बेतलेली आहे. हाँगकाँगचे मूल ती कँटोनीज उच्चारांनी वाचते, पण तशी बोलत नाही. 'तो नव्हे' हे पुस्तकातले वाक्य 'था१ पत्१ सि६' असे वाचले जाते, तर बोलताना त्याचे 'खोय५ म्४ हय६' होते. सर्वनाम, नकार आणि क्रियापद असे तीनही शब्द बदलतात. मराठीतही ग्रंथातली भाषा आणि ओट्यावरची भाषा यांत अंतर असते, पण साध्या वाक्यातला एकही शब्द न जुळण्याइतके ते नसते. त्यामुळे वर्तमानपत्र वाचायला शिकलेल्या माणसाला कँटोनीज बोलता येईलच असे नाही. बोलीसाठी बोलीतली वाक्येच लागतात.

सहा सूर

कँटोनीजमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर असतो आणि सूर बदलला की शब्द बदलतो. असे सहा सूर आहेत. पहिला उंच आणि सपाट. दुसरा खालून उंच चढणारा. तिसरा मध्यम आणि सपाट. चौथा खाली उतरत तळाला जाणारा. पाचवा तळाजवळून थोडासा चढणारा. सहावा खालचा पण सपाट. जुन्या पद्धतीत नऊ सूर मोजत, कारण प्, त्, क् यांनी अडणारी आखूड अक्षरे वेगळी धरली जात. त्या तीन सुरांची उंची पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या सुराइतकीच असते. आधुनिक लेखनात म्हणून सहाच आकडे पुरतात.

नऊही सुरांची उजळणी करायला आकड्यांची एक ओळ पुरते : तीन, नऊ, चार, शून्य, पाच, दोन, सात, आठ, सहा. उच्चारात ती अशी येते : साम१, कउ२, सेइ३, लिङ४, ङ्५, यि६, छत्१, पात्३, लुक्६. टेलिफोन क्रमांकासारखी ही ओळ पाठ झाली की नव्या शब्दाचा सूर ओळखताना तो या आकड्यांपैकी कोणत्या आकड्याशी जुळतो हे ताडून पाहता येते.

सुरांची दुसरी प्रसिद्ध उजळणी 'सि' या अक्षराची आहे : सि१ कविता, सि२ इतिहास, सि३ चाचणी, सि४ वेळ, सि५ बाजार, सि६ काम किंवा बाब. बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या पानांत ही सारणी असते. कान तयार करायला ती उपयोगी आहे, पण तिच्यात एक गैरसमज दडलेला आहे. या सहांपैकी बरेच शब्द बोलताना सहसा एकटे येत नाहीत. इतिहास 'लिक्६ सि२' असा येतो, परीक्षा 'हाउ२ सि३' अशी, वेळ 'सि४ कान३' असा, आणि भाजी-मासळीचा बाजार 'काय१ सि५', म्हणजे शब्दशः रस्त्यावरचा बाजार, असा. जोडीदार सोबत असला की सूर जरा कमीजास्त झाला तरी शब्द ओळखू येतो. एकटा उच्चारला तर तिथला माणूसही क्षणभर थबकतो. सूर आणि शब्द यांची गाठ अशी संगतीत बसते.

कधी संगतच सूर बदलते. 'वा६' म्हणजे सांगणे, पण भाषेच्या नावात त्याचे 'वा२' होते. 'थॉङ४' म्हणजे साखर आणि 'थॉङ२' म्हणजे गोळी-चॉकलेट. पाण्यातला मासा 'यू४', तर ताटातला 'यू२'. या बदलाला 'सूरपालट' म्हणता येईल. घरगुती, हाताळलेल्या वस्तूंच्या नावांत तो वारंवार दिसतो. शब्दकोशात मूळ सूर सापडतो. तो कधी पालटतो हे वापर ऐकून कळते.

मराठी तोंडाला काय सोपे, काय अवघड

कँटोनीजची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली आहेत. त्यांत ज्यावर पानेच्या पाने खर्च होतात, त्यातले पुष्कळसे मराठी माणसाला उपजत येते. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला श्वासाचा फरक कँटोनीजमध्ये अर्थ बदलतो, आणि मराठीतही बदलतो. 'तुङ१' म्हणजे पूर्व आणि 'थुङ१' म्हणजे मोकळा, पलीकडे जाणारा. रोमन लिपीत हीच जोडी घोष व्यंजनांच्या अक्षरांनी लिहिली जाते. ती पाहून मराठी वाचक 'दुङ' म्हणू लागतो आणि चुकतो, कारण या भाषेत ब, द, ग हे वर्णच नाहीत. देवनागरीत लिहिले की हा फसवा वळसा टळतो.

मराठीत च चे दोन उच्चार आहेत : 'चार' मधला तालव्य आणि 'चाक' मधला दंततालव्य. कँटोनीजला बहुधा दुसरा लागतो. या पुस्तकातला च 'चाक', 'चूल' यांतल्यासारखा वाचावा. छ हा त्याच च ला श्वासाची जोड देऊन म्हणावा. फ हा ओठ मिटून म्हणायचा, आणि खाली टिंब दिलेला फ़ दात ओठाला लावून.

ऱ्हस्व-दीर्घाची जाणही कामी येते. 'काय१' म्हणजे रस्ता आणि 'कय१' म्हणजे कोंबडी. 'साम१' म्हणजे तीन आणि 'सम१' म्हणजे हृदय. मराठीतला प्रश्नार्थक 'काय' उंच, सपाट सुरात म्हटला की हाँगकाँगमध्ये तो रस्ता ठरतो.

अवघड गोष्टी तीन. पहिली म्हणजे शब्दारंभीचा ङ. मराठीत हा वर्ण 'वाङ्मय' किंवा 'रंग' अशा शब्दांच्या पोटात असतो, दारात कधीच नसतो. कँटोनीजमध्ये 'मी' हाच शब्द 'ङो५' आहे. तरुण पिढी मात्र हा ङ सोडून 'ओ५' म्हणते, आणि 'तू' या अर्थाच्या 'नेइ५' चा 'लेइ५' करते. अशा उच्चारांना तिथले भाषाप्रेमी 'लान५ यम१', म्हणजे आळशी उच्चार, म्हणून नावे ठेवतात. रस्त्यावर मात्र तेच सर्वत्र ऐकू येतात. दुसरी अडचण शेवटच्या प्, त्, क् ची. हे वर्ण फुटत नाहीत. जीभ किंवा ओठ जागेवर जाऊन थांबतात आणि श्वास तिथेच अडतो. 'लुक्६' चा क् ऐकू येत नाही, तो अडल्याचे जाणवते. तिसरी अडचण ओठ गोल करून म्हणायच्या स्वरांची. ओठ 'ऊ' साठी ठेवून 'ई' म्हटले की माशाच्या 'यू४' मधला स्वर जवळपास मिळतो. देवनागरीत त्याला चिन्ह नाही, त्यामुळे तो ऐकूनच उचलावा लागतो.

वाक्यात काय घडते

मराठीत आवाजाचा चढउतार भाव दाखवतो. 'आलास' हा एकच शब्द सूर चढवला की प्रश्न होतो, ताणला की टोमणा होतो. कँटोनीजमध्ये आवाजाची उंची शब्दाने आधीच अडवून ठेवलेली असते. 'माय६' म्हणजे विकणे. शेवटी सूर चढवला तर ते 'माय५', म्हणजे विकत घेणे, असे ऐकू येण्याचा धोका असतो. मग भाव कुठे ठेवायचा? या भाषेने तो प्रामुख्याने वाक्याच्या शेवटी, छोट्या अव्ययांत ठेवला. कँटोनीजमध्ये अशी अंत्य अव्यये डझनावारी आहेत.

पावसाचे एक वाक्य पुरेसे आहे. 'लॉक्६ कन२ यू५' म्हणजे पाऊस पडतो आहे. शेवटी 'वो३' आला की 'पाऊस पडतोय की!', 'वो५' आला की 'पाऊस पडतोय म्हणे', 'क्वा३' आला की 'पडत असेल बहुधा', 'मे१' आला की 'पडतोय होय?', म्हणजे बोलणाऱ्याला ते खरे वाटत नाही; 'लो१' आला की 'पडतोय ना, म्हणून तर'. मराठीतले की, ना, म्हणे, होय, बरं, हं हे शब्द जे काम करतात तेच हे.  त्यामुळे मराठी वाचकाला 'वो५' समजावून सांगावा लागत नाही, फक्त त्याची जागा दाखवावी लागते. आणि 'वो३' व 'वो५' यांत फरक केवळ सुराचा आहे, हे त्याच वाक्यातून कळते.

दुसरी वाक्यातच दिसणारी गोष्ट म्हणजे गणकशब्द. मराठीत 'चार जण', 'दोन नग' असे म्हणतात, पण बहुतेक नामांना अशा शब्दांची गरज नसते. कँटोनीजमध्ये संख्या आणि नाम यांच्यामध्ये तो लागतोच. पुस्तकाला 'पुन२', पेल्यातल्या पेयाला 'पुइ१', कागद-टेबल यांसारख्या पसरट वस्तूला आणखी एक गणकशब्द, मासा-रस्ता-विजार यांसारख्या लांबोळ्या वस्तूला 'थिउ४', प्राण्याला 'चेक्३'. 'कउ२' म्हणजे नऊ आणि 'कउ२' म्हणजेच कुत्रा, सूरही एकच. तरीही 'कउ२ चेक्३ कउ२' म्हणजे नऊ कुत्रे, यात कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण मधला 'चेक्३' आकडा कोणता आणि प्राणी कोणता हे सांगून टाकतो.

भेटीचे नेहमीचे वाक्य घेतले तर हे सगळे एकत्र दिसते : 'सिक्६ चो२ फ़ान६ मेइ६ आ३?' जेवण झाले का? मराठी घरांतल्यासारखीच ही विचारपूस असते, आमंत्रण नव्हे. 'सिक्६' म्हणजे खाणे. 'चो२' ने क्रिया पुरी झाल्याचे कळते. 'फ़ान६' म्हणजे भात आणि त्यावरून जेवण. 'मेइ६' म्हणजे अजून नाही. 'आ३' ने प्रश्नाचा कडकपणा जातो. 'खाऊन झाले की अजून नाही' अशी त्याची ठेवण. मराठी क्रियापदासारखे इथे पुरुष, लिंग, वचन किंवा काळ यांनुसार काही बदलत नाही. झाले, चालू आहे, कधीतरी केले आहे, एवढे छोट्या शब्दांनी सांगितले जाते. 'चो२' च्या जागी 'कन२' घालून शेवटचे 'मेइ६ आ३' काढले की 'जेवण चालू आहे' असे वाक्य तयार होते. पावसाच्या वाक्यातला 'कन२' तो हाच.

अभ्यासाचा इतिहास

अठराव्या शतकात छिंग राजवटीने युरोपीय व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता ठेवला. परक्यांना भाषा शिकवणे धोक्याचे होते. १७५९ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चिनी जाणणारा कर्मचारी जेम्स फ्लिंट याने थेट दरबाराकडे तक्रार नेली. त्याला मकावमध्ये तीन वर्षे डांबण्यात आले आणि अर्ज लिहिण्यात मदत करणाऱ्या चिनी माणसाला देहदंड झाला. कापूस आणि अफू घेऊन येणारे मुंबईचे पारशी व्यापारीही याच बंदरात उतरत. जमशेटजी जीजीभॉय यांनी तारुण्यात चीनच्या अनेक सफरी केल्या. घाटावरचे व्यवहार मोडक्या इंग्रजीत चालत. तिच्यातले शब्द इंग्रजीचे होते, मांडणीवर कँटोनीजचा ठसा होता.

या वातावरणात मिशनरी रॉबर्ट मॉरिसन यांचा कँटन बोलीचा शब्दसंग्रह १८२८ मध्ये मकाव येथे कंपनीच्या छापखान्यात छापला गेला. १८४१ मध्ये एलायजा ब्रिजमन यांनी विषयवार वाक्यांचे जाड वाचनपुस्तक काढले. त्यात इंग्रजी वाक्य, चिनी अक्षरे आणि रोमन उच्चार शेजारीशेजारी होते. सॅम्युअल वेल्स विल्यम्स यांचा सुरांनुसार रचलेला कोश १८५६ चा, अर्नेस्ट आयटेल यांचा कोश १८७७ चा. १८८३ मध्ये जेम्स डायर बॉल यांचे 'कँटोनीज मेड ईझी' निघाले. साधी वाक्ये, त्यांचा शब्दशः अर्थ आणि मग मोकळे भाषांतर ही त्याची रचना आजही जुनी वाटत नाही. त्यांनीही वाक्यालाच पुढे बसवले.

विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ आले. वाँग शिक-लिंग यांनी १९४१ मध्ये कँटन उच्चारांची शिस्तबद्ध अक्षरसूची मांडली. युएन रेन चाओ यांचा 'कँटोनीज प्रायमर' १९४७ मध्ये हार्वर्डकडून प्रसिद्ध झाला. पुढे हाँगकाँगमध्ये सिडनी लाऊ यांनी सरकारी अधिकाऱ्यांसाठी पाठमाला लिहिली, तर अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने १९७० मध्ये ध्वनिफितींसह अभ्यासक्रम काढला. १९९३ मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने 'युतफिंग' ही रोमन लेखनपद्धती ठरवली. १९९४ मध्ये स्टीफन मॅथ्यूज आणि व्हर्जिनिया यिप यांचे बोलीचे सविस्तर व्याकरण आले.

चार वाटा

या इतिहासातून शिकण्याच्या चार वाटा तयार झाल्या. पहिली कोशाची : एकेक अक्षर, त्याचा सूर आणि अर्थ पाठ करायचा. दुसरी लेखनपद्धतीची : उच्चार अचूक टिपायला शिकले की बाकीचे आपोआप येईल, असा तिचा विश्वास. येल विद्यापीठाची पद्धत सूर खुणांनी आणि खालच्या सुरांसाठी एक जादा अक्षर घालून दाखवते, युतफिंग आकड्यांनी, लाऊ यांचीही आकड्यांनीच, पण अक्षरे निराळी. एकाच शब्दाची तीन पुस्तकांत तीन रूपे दिसतात आणि नवशिक्या गोंधळतो. आज शब्दकोश, संगणकावरचे टंकन आणि बहुतेक नवी पुस्तके युतफिंगकडे झुकली आहेत. या पुस्तकातले सुरांचे आकडे त्याच क्रमाने आहेत.

तिसरी वाट घोकंपट्टीच्या सरावाची. वाक्याचा साचा ठेवायचा, त्यातला एक शब्द बदलत राहायचा. परराष्ट्र सेवेचा अभ्यासक्रम याच जातीचा. त्याने जीभ वळते, पण साच्यातली वाक्ये पुष्कळदा कोणीच बोलत नाही अशी असतात. चौथी वाट अलीकडची : खऱ्या बोलण्यातली वाक्ये वेचायची आणि विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा समोर आणायची. विस्मरणाचा वेग हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवला होता. २००६ पासून 'अँकी' सारख्या मोफत साधनांनी ती उजळणी संगणकाकडे आणि मग फोनवर सोपवली. हाँगकाँगच्या स्वयंसेवकांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या लोककोशात शब्दाबरोबर उदाहरणाचे वाक्यही मिळते.

कोशाने नेमकेपणा दिला, लेखनपद्धतीने टिपण, सरावाने सफाई, वेचणीने जिवंतपणा. पहिल्या दोन वाटांचा दोष मात्र शब्द आणि उच्चार वेगळे शिकवण्यात आहे. सूरपालट, गणकशब्द, अंत्य अव्यये आणि बोली-लेखी भेद या चारही गोष्टी वाक्याबाहेर दिसत नाहीत. कँटोनीजपुरते तरी वाक्य हाच शिकण्याचा सर्वांत लहान तुकडा आहे.

आज गरज का

हाँगकाँगमध्ये चिनीला अधिकृत भाषेचा दर्जा १९७४ मध्ये मिळाला. व्यवहारात ती चिनी म्हणजे कँटोनीजच राहिली. सत्तरच्या दशकात सॅम हुई यांनी रस्त्यावरच्या भाषेत गाणी आणली आणि कँटोनीज सिनेमा, मालिका, गाणी यांनी पुढची दोन-तीन दशके पूर्व आशिया गाजवला. तिथल्या गीतकाराला चालीवर शब्द बसवताना प्रत्येक अक्षराचा सूर चालीच्या चढउताराशी जुळवावा लागतो. नाहीतर ऐकणाऱ्याला दुसराच शब्द ऐकू येतो. कँटोनीज ऑपेराची २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

दुसऱ्या बाजूला ग्वांगचौमध्ये शाळेची आणि कचेरीची भाषा मँडरिन आहे. २०१० मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीचे कार्यक्रम कँटोनीजऐवजी मँडरिनमध्ये करावेत, असा प्रस्ताव पुढे आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. परदेशांत वाढणाऱ्या मुलांना आजीचे बोलणे कळते, उत्तर देता येत नाही. हाँगकाँगमध्येच स्थायिक झालेल्या सुमारे ४० हजार भारतीयांपुढे वेगळा प्रश्न आहे. बँक, आयटी किंवा हिऱ्यांच्या व्यवसायात इंग्रजीवर भागते. मुलाची शाळा, भाजीबाजार, शेजारी आणि मिनीबस इथे भागत नाही.

मिनीबसचेच उदाहरण घ्यावे. हाँगकाँगच्या पुष्कळ मिनीबसमध्ये उतरायचे असेल तर ड्रायव्हरला ओरडून सांगावे लागते : 'फ़ो२ छे१ चाम६ यउ५ लॉक्६, म्४ कॉय१!' म्हणजे रेल्वे स्टेशनला उतरणार, मेहेरबानी. वाक्य येत नसेल तर थांबा मागे जातो. यातला 'लॉक्६' म्हणजे खाली येणे. पावसाच्या वाक्यातही तोच होता. आणि 'म्४ कॉय१' हे कोणी काम करून दिल्याबद्दलचे आभार. भेटवस्तू मिळाली तर मात्र 'तो१ चे६' म्हणायचे. कोशात दोन्हींपुढे 'आभार' एवढाच अर्थ सापडतो.

या पुस्तकाचा प्रयत्न

प्रस्तुत पुस्तकाने रोजच्या व्यवहारातली वाक्ये एकक मानली आहेत. भेट, बाजार, प्रवास, चहाचे हॉटेल, घरभाडे, दवाखाना, शाळा, फोनवरचे बोलणे असे प्रसंग घेऊन त्यांतली लहान वाक्ये आधी आणि लांब नंतर, अशी मांडणी आहे. प्रत्येक वाक्य चार रूपांत दिले आहे : चिनी अक्षरे, देवनागरी उच्चार व सुरांचे आकडे, शब्दशः अर्थ, आणि मराठी माणूस त्या प्रसंगी जसे म्हणेल तसे भाषांतर. शब्दशः अर्थ आणि मोकळा अर्थ यांतले अंतर हाच व्याकरणाचा धडा असल्याने व्याकरणाची वेगळी प्रकरणे थोडी आहेत.

वाक्यांची निवड करताना उच्चारांचाही विचार केला आहे. चहाच्या हॉटेलातली एक मागणी पाहावी : 'यत्१ पुइ१ तुङ३ नाय५ छा४, सिउ२ थिम४, म्४ कॉय१.' एक कप थंड दुधाचा चहा, गोड कमी, मेहेरबानी. सहापैकी पाच सूर, एक गणकशब्द, शेवटी अडणारा एक त्, आणि मराठी 'चहा' च्याच कुळातला 'छा४', एवढे सगळे त्यात आहे. पुढच्या वाक्यात बिल मागताना 'माय४ तान१' येते आणि खरेदी-विक्रीच्या 'माय५', 'माय६' शेजारी त्याच अक्षराचा चौथा सूर बसतो. जोड्या अशा प्रसंगातून जुळाव्यात, सारणी पाठ करून नव्हे, असा हेतू आहे.

उसने शब्दही वाक्यांतच ठेवले आहेत. 'पा१ सि२' ही बस, 'तिक्१ सि२' ही टॅक्सी, 'सि६ तो१ पे१ लेइ२' ही स्ट्रॉबेरी. इंग्रजीत जिथे आघात असतो, तिथे कँटोनीजने उंच सूर बसवला आहे. ओळखीचे शब्द असल्याने केवळ सुराकडे लक्ष द्यायला ते बरे पडतात.

पुस्तकाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. उच्चार हाँगकाँगचे आहेत. ताइशान किंवा ग्वांगशीच्या बोली त्यात नाहीत. प्रमाण उच्चार मुख्य ओळीत आणि 'आळशी' उच्चार खाली टिपेत दिले आहेत, म्हणजे बोलताना पहिला आणि ऐकताना दोन्ही ओळखता येतील. चिनी अक्षरे वाचायला शिकवणे हा उद्देश नाही. अक्षरे दिली आहेत ती कोश पाहता यावा आणि फोनवरून कोणाला वाक्य दाखवता यावे म्हणून. देवनागरी लेखन ही कानाची जागा घेणारी वस्तू नव्हे. गोल ओठांचे स्वर आणि न फुटणारे अंत्य वर्ण ऐकल्याशिवाय बसत नाहीत.

वापरण्याची रीत सोपी आहे. वाक्य आधी ऐकावे, मग आकडे न पाहता म्हणावे, मग आकडे पाहून दुरुस्त करावे. वाक्य बसले की त्यातला एकच शब्द बदलावा : थंड चहाऐवजी गरम, रेल्वे स्टेशनऐवजी बाजार. शेवटी अंत्य अव्यय बदलून पाहावे आणि भाव कसा पालटतो ते लक्षात घ्यावे. या क्रमाने शब्द वाढतात, सूर त्यांच्याबरोबरच येतात, आणि दोन्ही जिथे लागतात त्या प्रसंगासकट स्मरणात राहतात.